मोटर फिरली की बोर्ड बंद का पडतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच पेटीतली आहेत: रास्पबेरी पाय, पिको, ईएसपी३२ असे छोटे बोर्ड वापरून कुणी रोबोट करतंय, कुणी कारखान्यातलं मोजमाप, कुणी रानातली मोटर. उत्तरं वाचण्याआधी एक फरक लक्षात घ्या. रास्पबेरी पाय हा लिनक्स चालवणारा पूर्ण संगणक आहे. कॅमेरा, नेटवर्क, फाइली, डेटाबेस ही त्याची कामं. पिको आणि ईएसपी३२ हे मायक्रोकंट्रोलर. ते एकच प्रोग्राम चालवतात, वीज आली की क्षणात सुरू होतात आणि मायक्रोसेकंदांचा हिशेब पाळतात. बऱ्याच पत्रांतली अडचण चुकीचा बोर्ड निवडल्याने किंवा बोर्डाला वीज नीट न मिळाल्याने आलेली आहे.

प्रश्न: आम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या तिघी मैत्रिणी अडथळा टाळणारा रोबोट करतोय. रास्पबेरी पाय ४, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, चार बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिअरच्या) मोटर आणि १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल. पायला वीज ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून दिली आहे. मोटर सुरू केल्या की पाय रीस्टार्ट होतो. प्रोग्राम तीनदा नवीन लिहिला, पण फरक नाही. (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर: प्रोग्राम आता बाजूला ठेवा, दोष वीजपुरवठ्यात आहे. एल२९८एनवरचं ते ५ व्होल्टचं टर्मिनल बोर्डावरच्या ७८एम०५ या लहान रेग्युलेटरमधून येतं. त्याची क्षमता अर्धा अँपिअर. पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. शिवाय हा रेग्युलेटर वरचे व्होल्ट उष्णता करून टाकतो. तुमची बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ६ व्होल्ट वाया. अर्ध्या अँपिअरला ३ वॅट उष्णता नखाएवढ्या भागात. तो तापून स्वतःला बंद करतो.

त्यात मोटरचा झटका. बीओ मोटर मोकळी फिरताना दीड-दोनशे मिलिअँपिअर घेते, पण थांबलेली असताना सुरू झाली की क्षणभर अडकलेल्या मोटरइतका, एक अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह खेचते. चारही मोटर एकदम सुरू केल्या की बॅटरीचे व्होल्ट खाली बसतात. पायच्या ५ व्होल्टच्या वाटेवर ४.६३ व्होल्टच्या खाली उतार गेला की बोर्ड कमी दाबाची नोंद करतो; आणखी खाली गेला की रीस्टार्ट.

पायला स्वतंत्र बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्ट कमी करून देणारं मॉड्यूल) द्या. एक्सएल४०१५चं ५ अँपिअरचं मॉड्यूल चालेल. एलएम२५९६ कागदावर ३ अँपिअरचा असला तरी हीटसिंकशिवाय २ अँपिअरच्या पुढे त्याच्यावर विसंबू नका. पाय जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ५.१ व्होल्ट सेट करा आणि मगच तारा लावा. नवीन मॉड्यूल कधीकधी बॅटरीइतकेच व्होल्ट बाहेर देत असतं. तसंच जोडलं तर पाय गेला. बॅटरीच्या धन तारेत ५ अँपिअरचा फ्यूज टाका. एल२९८एनवरचा ५ व्होल्टचा जंपर आहे तसा राहू द्या, त्या टर्मिनलमधून काही घेऊ नका आणि त्यात बाहेरून काही देऊही नका. ड्रायव्हरचा, बकचा आणि पायचा ग्राउंड (ऋण तार) एकाच जागी, बॅटरीच्या ऋण टोकाजवळ एकत्र करा. पायकडे जाणारा ग्राउंड ड्रायव्हरमधून फिरवून नेलात तर मोटरचा सगळा प्रवाह त्याच तारेतून वाहतो आणि सिग्नल हलतात.

ड्रायव्हरच्या बॅटरी टर्मिनलवर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, धन-ऋण बघून. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (दुकानात ‘१०४’ म्हणून मागा) सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच मरतो.

एल२९८एन स्वतः दोन-एक व्होल्ट खातो, म्हणजे मोटरला ९च्या आसपास पोचतात. बीओ मोटरला ६ पुरेत, तेव्हा पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवण्याची पद्धत) ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि वेग शून्यावरून थेट ६०वर न नेता पाव सेकंदात पायरीपायरीने वाढवा. पुढच्या वेळी टीबी६६१२एफएनजी हा ड्रायव्हर घ्या. मॉस्फेट प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा असल्याने व्होल्ट फारसे खात नाही, प्रत्येक वाटेला १.२ अँपिअर सलग देतो.

दुरुस्ती लागू पडली का, हे अंदाजाने ठरवू नका. रोबोट दहा मिनिटं पळवा आणि पायवरच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत ‘व्हीसीजेनसीएमडी’ (vcgencmd) आज्ञेने ‘गेट थ्रॉटल्ड’ (get_throttled) ही स्थिती विचारा. उत्तर शून्य आलं तर सगळं ठीक. ५०००० आलं तर सुरू केल्यापासून कधीतरी दाब पडला होता. ५०००५ म्हणजे या क्षणीही कमी आहे.

पत्रात तुम्ही एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर थेट जोडल्याचं आकृतीत दिसतंय. त्याची इको पिन ५ व्होल्ट देते आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. इकोपासून १ किलोओम, तिथून ग्राउंडला २ किलोओम, आणि दोघांच्या मधून पायला तार. हे आजच करा, पिन एकदा जळली की परत येत नाही.

प्रश्न: आमचं गुऱ्हाळ आहे. काहिलीतल्या पाकाचं तापमान मोठ्या आकड्यांत दिसावं आणि गूळ उतरवायच्या आधी भोंगा वाजावा, असं यंत्र भाच्याने करून दिलं. त्यात डीएस१८बी२० सेन्सर आणि रास्पबेरी पाय आहे. पहिले काही दिवस बरं चाललं, आता आकडा मध्येच ८५ दाखवतो, कधी दोन-तीन अंश मागे-पुढे असतो. आमचे गुळव्ये म्हणतात, हे काढून टाका. (गुऱ्हाळमालक, पन्हाळा तालुका)

उत्तर: गुळव्यांचं म्हणणं या सेन्सरपुरतं बरोबर आहे. डीएस१८बी२०ची अर्ध्या अंशाची अचूकता उणे १० ते ८५ अंशांपर्यंतच असते. त्याच्या पुढे दोन अंशांपर्यंत चूक धरावी लागते, आणि १२५ला त्याची हद्दच संपते. ढेपेचा घट्ट गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरतो, काकवी १०५च्या आसपास. म्हणजे तुम्हाला जिथे एकेका अंशाचं मोल आहे तिथेच हा सेन्सर ढिला पडतो. ८५ हा आकडा तापमान नव्हेच. सेन्सरची वीज तुटून परत आली की मोजणी होण्याआधी तो ८५ सांगतो. तार वाफेने आणि उष्णतेने मऊ होऊन आतला जोड सुटत असणार.

पीटी१०० घ्या. प्लॅटिनमचा हा सेन्सर शून्य अंशाला १०० ओम, १०० अंशांना १३८.५ ओम आणि ११८ अंशांना १४५.३ ओम दाखवतो. ए वर्गाचा घेतला तर ११८ला चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. के प्रकारचं थर्मोकपल स्वस्त आहे, पण साध्या दर्जाच्या थर्मोकपलची चूकच दोन अंशांवर जाते; भट्टीसाठी ठीक, पाकासाठी नको.

मागताना असं सांगा: तीन वायरींचा पीटी१००, ए वर्ग, ६ मिलिमीटर जाडीची ३०४ स्टेनलेसची नळी, लांबी ३०० मिलिमीटर किंवा जास्त, वर लाकडी वा टेफ्लॉनची मूठ, आणि तार टेफ्लॉनची. पीव्हीसीची तार चुलवाणाजवळ टिकणार नाही. तीन वायरी कशाला? एका अंशाला रोध फक्त ०.३८ ओमने बदलतो. दोन वायरींच्या सेन्सरला जोडतारेचा अर्धा ओम रोध आला तर आकडा सव्वा अंश वर जातो. तिसरी वायर तारेचा रोध वजा करते.

पीटी१०० थेट बोर्डाला जोडता येत नाही, मध्ये मॅक्स३१८६५चं मॉड्यूल लागतं. ते घेताना त्यावरचा संदर्भ रोध ४३० ओमचा आहे हे बघा; ४३०० लिहिलं असेल तर ते पीटी१०००चं आहे. मॉड्यूलवर तीन वायरींसाठीचा जोड सोल्डरने करावा लागतो आणि प्रोग्राममध्येही तीन वायरी असं सांगावं लागतं. दोन्हींपैकी एक राहिलं की आकडे भलतेच येतात. उणे २४२ किंवा ९८८ अंश दिसले तर सेन्सर खराब झाला असं समजू नका, आधी तारा तपासा.

रास्पबेरी पायची इथे गरज नाही. पिको किंवा ईएसपी३२ पुरे. वीज गेली-आली तरी एक-दोन सेकंदांत परत मोजायला लागतो आणि त्याला बिघडायला मेमरी कार्डच नाही. चार-पाच काहिलींची नोंद मोबाइलवर हवी असेल तेव्हा ईएसपी३२.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तपासणी. सेन्सर उकळत्या पाण्यात धरून तो १०० दाखवतो का, असं बघाल तर फसाल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या किंचित वर उकळतं. तुमचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या चढावर असेल तर आणखी कमी. उकळत्या पाण्यात ९८.२च्या आसपास आणि ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्याच्या आसपास आला की सेन्सर खरा. जो प्रोग्राम १००ला जुळवून ‘दुरुस्त’ केलेला असतो तो काहिलीवर दोन अंश जास्त सांगतो आणि गूळ लवकर उतरून मऊ राहतो.

टोक काहिलीच्या बुडाला टेकू देऊ नका, बुडाचा पत्रा पाकापेक्षा गरम असतो. नुसत्या फेसातही नको. पाकाच्या मधल्या थरात किमान १० सेंटिमीटर बुडवा, हलवत राहा. जाड नळीला तापमान पकडायला काही सेकंद लागतात आणि शेवटी पाक भराभर चढतो, म्हणून भोंगा ३ अंश आधी वाजवा. उतरवायचा नेमका आकडा मात्र गुळव्यांनाच ठरवू द्या. उसाची जात, खोडवा की लागण, पाऊस किती झाला, यानुसार तो आकडा सरकतो. दहा-बारा काहिलींवर त्यांनी ‘आता’ म्हटलं त्या क्षणीचा आकडा वहीत लिहा, भोंगा त्यावर लावा.

प्रश्न: पोरगं म्हणतंय, रास्पबेरी पाय लावून घरबसल्या मोटर चालू करू या. मोटर ५ एचपी, थ्री फेज, रान घरापासून लांब. लाइट आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री. हे जमण्यासारखं आहे का? (ऊस उत्पादक, कागल तालुका)

उत्तर: जमतं, पण पाय नको. ईएसपी३२ आणि ४जी मॉड्यूल लावा, उदाहरणार्थ ए७६७०सी. बाजारात स्वस्तात मिळणारं सिम८००एल हे २जीचं आहे. जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. मॉड्यूल नेटवर्क पकडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतं. त्याच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसला की ईएसपी३२ सारखा रीसेट होतो आणि माणूस सिम बदलत बसतो. वीज १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवरून द्या, म्हणजे लाइट नसतानाही ‘लाइट आली’, ‘लाइट गेली’ असा निरोप येईल.

पोराला हे आवर्जून वाचायला द्या. निळ्या रंगाच्या छोट्या रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) मॉड्यूलवर २५० व्होल्ट १० अँपिअर लिहिलेलं असतं. तुमच्या स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर आहे. हा रिले त्या कामासाठी बनलेलाच नाही. त्याच्या टोकांमध्ये ठिणगी टिकून राहते, टोकं चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. मध्ये २४ व्होल्ट डीसी कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर (मोठा दाब जोडणारा-तोडणारा स्विच) टाका, ज्याच्या संपर्कांवर ४१५ व्होल्टची क्षमता स्पष्ट छापलेली आहे. ईएसपी३२ रिलेला चालवेल, रिले त्या कॉइलला (तिच्यावर १एन४००७ डायोड उलटा), आणि कॉन्टॅक्टर स्टार्टरला. २४ व्होल्टसाठी १२ व्होल्टवरून एक बूस्ट (व्होल्ट वाढवणारं) मॉड्यूल.

चालू करायचा संपर्क हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंदांपुरता. बंद करायचा लाल बटणाच्या वाटेत मालिकेत. अशी जोडणी केली की हाताची बटणंही चालू राहतात. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) असेल तर तो काढू नका. नसेल तर आधी तो, मग बाकीचं. पेटीच्या आतलं काम परवानाधारक वायरमनकडूनच, डीपीवरून लाइट बंद करून.

मोटर खरोखर फिरतेय का, हे रिलेवरून कळत नाही. एका फेजच्या तारेवर एससीटी-०१३ हा चिमट्याचा करंट सेन्सर बसवा, तार कापावी लागत नाही. ५ एचपीची मोटर भारावर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. विहिरीचं पाणी संपून पंप कोरडा पडला की प्रवाह ठळकपणे खाली येतो. तुमच्या मोटरचा नेहमीचा आकडा मोजून घ्या, त्याच्या ६५ टक्क्यांखाली २० सेकंद राहिला तर बंद, असा नियम लावा. ईएसपी३२वर हा सेन्सर ३२ ते ३९ क्रमांकांपैकी एखाद्या पिनवर जोडा. दुसऱ्या गटातल्या ॲनालॉग पिना वायफाय चालू असताना मोजत नाहीत.

लाइट आल्यावर आपोआप सुरू करणार असाल तर अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत कितीही, असा प्रत्येक वेळी वेगळा उशीर ठेवा. एका डीपीवरच्या सगळ्या मोटर एकदम सुटल्या की दाब पडतो आणि डीपीचा फ्यूज जातो. शेजाऱ्याच्याही पिकाला पाणी मिळायला हवं.

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. कन्व्हेयरवरून येणारी कास्टिंग (ओतीव भाग) किती झाली ते मोजायचं आणि प्रत्येकातलं ८ मिलिमीटरचं छिद्र पाडलेलं आहे का, हे कॅमेऱ्याने बघायचं. पाय ५ पुरेल की महागडी व्हिजन सिस्टीम लागेल? (लघुउद्योजक, शिरोली)

उत्तर: एवढ्या कामाला पाय ५ पुरतो, अट इतकीच की प्रकाशाची व्यवस्था नीट हवी. आमच्या मते अशा प्रकल्पांत निम्मा खर्च दिव्यावर आणि बसवणीवर झाला पाहिजे.

मोजणी कॅमेऱ्याकडे देऊ नका. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की इशारा देणारा) लावा, तोच मोजेल आणि तोच कॅमेऱ्याला ‘आता फोटो घे’ म्हणून सांगेल. सेन्सर २४ व्होल्टचा असतो, म्हणून मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने इशारा पलीकडे देणारा भाग) आणि २.२ किलोओमचा रोध, अर्ध्या वॅटचा. १० मिलिअँपिअर वाहतात आणि पाव वॅट उष्णता होते, पाव वॅटचा रोध हळूहळू करपतो.

पट्टा सेकंदाला २० सेंटिमीटर सरकत असेल आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (एका फोटोला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद असेल, तर फोटो २ मिलिमीटर फाटतो, म्हणजे तेवढा अस्पष्ट येतो. १ मिलिसेकंदावर आणा, फाटणं ०.२ मिलिमीटर. पण मग प्रकाश दहापट लागतो. २४ व्होल्ट डीसीवरचा एलईडी रिंग लाइट घ्या, भोवती काळा पत्र्याचा टोप करा म्हणजे खिडकीतलं ऊन आत येणार नाही. मेन्सवरचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, एक फोटो उजळ तर पुढचा काळा येतो. छिद्र आरपार असेल तर दिवा खालून लावा. मग उजळ ठिपका आहे की नाही, इतकाच प्रश्न उरतो.

कॅमेरा ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळं चित्र एकदम टिपणारा. रास्पबेरी पायचाच १.६ मेगापिक्सेलचा मिळतो, लेन्स वेगळी घ्यावी लागते. साधा कॅमेरा चित्र ओळीओळीने घेतो, त्यामुळे सरकत्या वस्तूचं गोल छिद्र तिरकं दिसतं. या कॅमेऱ्यात आडवे १४५६ पिक्सेल आहेत. २०० मिलिमीटरची जागा घेतली तर एका पिक्सेलला ०.१४ मिलिमीटर आले, ८ मिलिमीटरच्या छिद्राला ५८ पिक्सेल. हे भरपूर झालं. केसाएवढी भेग मात्र यात दिसणार नाही, ग्राहकाला तसं आश्वासन देऊ नका. कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेलही नको: ओपनसीव्ही या चित्र तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या चौकोनातले उजळ पिक्सेल मोजा, संख्या हद्दीत नसेल तर नापास.

फाउंड्रीतली धूळ वाळूची आणि लोखंडाची असते. लोखंडाची धूळ वीज वाहते, पंख्याने ती बोर्डावर ओढून आणाल. बंद आयपी६५ (धूळ आत न जाणारी) पेटी घ्या आणि पायची चिप जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीने पेटीच्या धातूच्या भिंतीला टेकवा. ८० अंशांना पाय वेग कमी करू लागतो. मे महिन्यात दुपारी तापमान तपासून मगच पेटी कायमची बंद करा. पाय ५ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. ३ अँपिअरवर तो चालतो, पण यूएसबीवरच्या सगळ्या उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो.

इमर्जन्सी स्टॉप कधीही पायमधून नेऊ नका. ते बटण कन्व्हेयरच्या कॉन्टॅक्टरला थेट तारेनेच जोडलेलं हवं.

प्रश्न: इचलकरंजीत आठ यंत्रमागांच्या उत्पादनाची नोंद एका रास्पबेरी पाय ४वर घेतो. लाइट गेली की कधीकधी पाय परत सुरू होत नाही, मेमरी कार्ड नव्याने भरावं लागतं. चांगल्यातलं कार्ड घेऊनही तेच. (यंत्रमागधारक)

उत्तर: कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल सिस्टीम अर्धवट राहते, कार्ड कितीही भारी असो. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करा. मग मूळ कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल तात्पुरत्या मेमरीत (रॅममध्ये) राहतात. नोंदी मात्र दुसरीकडे लिहाव्या लागतील: यूएसबीवर लहान एसएसडी लावा आणि एफएसटॅब (fstab, सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) या फाइलमध्ये ‘नोफेल’ (nofail) लिहा, म्हणजे ती न सापडली तरी पाय अडून बसणार नाही. प्रत्येक फेऱ्याला लिहू नका, मिनिटाला एकदा एकत्र लिहा.

पॉवर बँकेला यूपीएस समजणं ही नेहमीची चूक. बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग तुटल्या क्षणी आउटपुटही क्षणभर तोडतात. घेण्याआधी पाय जोडून प्लग ओढून बघा. पाय ४ला स्वतःचं घड्याळ नाही. नेट नसताना सुरू झाला की जुनीच वेळ धरतो आणि पाळीचा हिशेब चुकतो. डीएस३२३१ घड्याळ लावा. पाय ५मध्ये घड्याळ आहे, त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. हार्डवेअर वॉचडॉगही (पाय अडकला की त्याला रीस्टार्ट करणारी सोय) चालू करा, मुदत १५ सेकंदांच्या आत ठेवा.

मागाच्या मोटर आणि कॉन्टॅक्टरच्या गोंगाटामुळे लांब तारांवर खोटे ठोके येतात. आठ सेन्सरच्या आठ तारा पायपर्यंत आणण्यापेक्षा दोन-दोन मागांना एक पिको द्या, त्याने मोजावं आणि आरएस४८५च्या (लांब तारेवरून आकडे पाठवायची पद्धत) पीळ दिलेल्या जोडतारेवरून आकडा पाठवावा. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रोध, मधल्या पिकोंना नको.

प्रश्न: आठवी-नववीच्या वर्गासाठी कुठला बोर्ड घ्यावा? निधी थोडा आहे. (शिक्षिका, गारगोटी)

उत्तर: पिको, पिना आधीच सोल्डर केलेला. शाळेतल्या जुन्या संगणकांवर थॉनी (पायथन लिहायचा प्रोग्राम) टाका. बूटसेल बटण दाबून यूएसबी लावलं की पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात मायक्रोपायथनची (छोट्या बोर्डांवर चालणारं पायथन) फाइल टाकली की तयार. संगणकाला बोर्ड ‘दिसत नाही’ अशी तक्रार आली तर केबल बदला. कित्येक मायक्रोयूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. पिकोवरचा दिवा २५ क्रमांकाच्या पिनेवर आहे. वायफाय असलेल्या पिको डब्ल्यूवर तो तिथे नाही, तिथे पिनेच्या जागी ‘एलईडी’ असं लिहावं लागतं. मुलं दोन्ही बोर्ड शेजारी घेऊन बसली की पहिला गोंधळ इथेच होतो. एलईडीला प्रत्येकी ३३० ओमचा रोध, आणि एका बोर्डावर दोनच मुलं.

प्रश्न: लायडर (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) लावून स्वतः नकाशा करणारा रोबोट करायचा आहे. पाय ५वर आरओएस २ या रोबोटच्या सॉफ्टवेअरची हंबल आवृत्ती बसत नाही. एनव्हिडियाचा जेटसन बोर्ड घ्यावा का? (बी.टेक. विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: हंबल उबुंटू २२.०४साठी आहे आणि ती आवृत्ती पाय ५वर सुरूच होत नाही. उबुंटू २४.०४ आणि आरओएस २ची नवी आवृत्ती जॅझी घ्या. द्विमितीय लायडरचा नकाशा पाय ५ सहज करतो. आरव्हिझ (नकाशा पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) मात्र लॅपटॉपवर चालवा, दोन्हीकडे डोमेन आयडी एकच ठेवा आणि हॉस्टेलच्या वायफायऐवजी स्वतःचा राउटर वापरा; सामायिक वायफायवर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवणं) बहुधा अडवलेलं असतं आणि नोड, म्हणजे रोबोटचे वेगवेगळे प्रोग्राम, एकमेकांना सापडत नाहीत. जेटसन ओरिन नॅनो कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रातल्या वस्तू ओळखायच्या असतील तर घ्या, नुसत्या नकाशासाठी तो पैसा बॅटरीवर आणि चांगल्या मोटरवर लावा.

चाकांचे एन्कोडर (फेरे मोजणारे सेन्सर) पायला जोडू नका. ११ ठोक्यांचा एन्कोडर आणि ३०ला १ गिअर धरला तर चाकाच्या एका फेऱ्याला १३२० कडा (एका ठोक्याला चार) मोजाव्या लागतात, मिनिटाला ३३० फेऱ्यांना सेकंदाला ७ हजारांवर. लिनक्सवरचा पायथन यातल्या काही गाळतो आणि नकाशातला कॉरिडॉर वाकडा येतो. पिकोकडे यासाठी पीआयओ नावाचं स्वतंत्र यंत्र आहे, मोजणी त्याला द्या. जुने ट्युटोरियल बघून पिना चालवणाऱ्या आरपीआय.जीपीआयओ किंवा पिगपीओ या लायब्ररी वापरू नका, पाय ५वर त्या चालत नाहीत, जीपीआयओझिरो चालतं.

प्रश्न: पुराच्या काळात गावाजवळच्या पुलावर पाण्याची पातळी मोजून मोबाइलवर पाहता येईल का? एचसी-एसआर०४ आणि पाय झिरो आहे. (तरुण मंडळ, करवीर तालुका)

उत्तर: एचसी-एसआर०४ उघडा असतो, पहिल्या सरीतच गंजतो, आणि ४ मीटरच्या पुढे त्याला दिसत नाही. पुलावरून पाणी त्याहून खोल असतं. ८-१० मीटर पल्ल्याचा पाणीरोधक सेन्सर लागेल, तोही तापमानाचा हिशेब धरून. ध्वनीचा वेग २० अंशांना आणि ३० अंशांना सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वेगळा असतो. ८ मीटरवर ही चूक १४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा फूट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, त्या चार फुटांत अर्धा फूट फार झाला. शेजारी सावलीत तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग दर वेळी काढा: ३३१.३मध्ये तापमानाच्या ०.६०६ पट मिळवा. खर्च झेपत असेल तर रडार सेन्सर, त्याला हवेच्या तापमानाची पर्वा नाही.

एकेका मोजणीवर विसंबू नका. पाच सेकंदांच्या अंतराने अकरा मोजण्या घ्या आणि चढत्या क्रमाने लावून मधली धरा, तरंगती लाकडं आणि जलपर्णी त्यात गळून पडतात. पाय झिरो सतत वीज खातो. ईएसपी३२ दर दहा मिनिटांनी जागा करून परत झोपवला तर सौर पॅनेल लहान चालतो, आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवस ऊन नसतं हे धरून बॅटरी निवडा. पुरात मोबाइलचा टॉवर बंद पडू शकतो, म्हणून गावापर्यंत लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ). भारतात त्याला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ ही पट्टी मोकळी आहे. मॉड्यूल ८६८चं मिळालं तरी प्रोग्राममध्ये वारंवारता या पट्टीत आणा. पुलावर काही बसवण्याआधी संबंधित विभागाची लेखी परवानगी घ्या. तुमचा आकडा गावाला तयारीसाठी ठीक, पण घर सोडायचा निर्णय जिल्हा प्रशासनाच्या सूचनेवरच घ्यायचा, हे मोबाइलवरच्या पानावर ठळक लिहा.